देशाची सुरक्षा, घरचा खर्च आणि बायकांचं मत

२०२४ च्या ऑगस्टमधला एक आठवडा आठवून बघा. रक्षाबंधनाच्या आधी बायकांच्या फोनवर बँकेचे मेसेज यायला लागले, लाडकी बहीण योजनेचे दोन हप्ते मिळून ३००० रुपये जमा. १७ ऑगस्टला पुण्यात बालेवाडीला योजनेचा मोठा कार्यक्रम झाला. माझ्या मावशीने मला फोन करून तो मेसेज वाचायला लावला होता, दोनदा, कारण तिचा विश्वासच बसत नव्हता की कुणाकडे न मागता तिच्या नावावर पैसे आलेत. आणि २० तारखेला बदलापूर स्टेशनवर हजारो लोक रुळांवर उतरले होते, शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला म्हणून, आणि त्या गर्दीतल्या बायकांच्या हातात फलक होते, पैसे नकोत, आमच्या मुली सुरक्षित ठेवा अशा अर्थाचे.

टीव्हीवर एकाच वेळी दोन्ही चाललेलं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे, कारण निवडणूक आली की सगळे पक्ष बायकांना सुरक्षा देतो म्हणतात पण प्रत्येकाच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. एकाला सीमा, सैन्य, दहशतवाद म्हणायचं असतं, दुसऱ्याला महागाई, गॅस, महिन्याचे पैसे, आणि बाईला विचारलं तर ती आधी रात्री पोरगी क्लासवरून घरी येते तो रस्ता सांगेल. या तिन्हींचं मतदानाशी नक्की काय नातं आहे ते जमेल तितकं सरळ सांगायचा प्रयत्न करते.

आधी आकडे, थोडेच आहेत. १९६२ च्या लोकसभेला १०० पुरुष मतदारांपैकी ६३ जणांनी मत दिलं होतं आणि १०० बायकांपैकी जेमतेम ४७ जणींनी. म्हणजे सोळा-सतरा टक्क्यांचा फरक. २०१९ ला देशात पहिल्यांदा बायका पुढे गेल्या, ६७.१८ टक्के, पुरुष ६७.०१. २०२४ लाही तसंच झालं. बिहारमध्ये नोव्हेंबर २०२५ ला तर बायकांचं मतदान ७१.६ टक्के आणि पुरुषांचं ६२.८, आता तिथे बरेच पुरुष कामासाठी परराज्यात असतात हे एक कारण आहेच, पण तेवढंच नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात विधानसभेला २०१९ मध्ये बायकांचं मतदान ५९ टक्क्यांच्या आसपास होतं ते २०२४ मध्ये ६५ च्या वर गेलं.

हे एका योजनेने झालेलं नाही. १९९३ पासून ग्रामपंचायतीत बायकांना आरक्षण मिळालं, महाराष्ट्रात ते २०११ ला निम्म्यावर गेलं, त्यामुळे गावात मत मागायला बाईच येते आणि ती घरच्या बाईशी बोलते. बचत गटामुळे महिन्यातून एकदा दहा-पंधरा जणी एकत्र बसतात, तिथे हप्ता भरता भरता सगळी चर्चा होते. शिकलेल्या मुली वाढल्या. आणि मग पक्षांच्या लक्षात आलं की ही निम्मी जनता नवऱ्याने सांगितलं त्या चिन्हावर शिक्का मारून घरी जाते हे आता धरून चालता येणार नाही.

आता मुख्य गोष्ट. बऱ्याच चर्चांमध्ये असं मांडतात की मतदार एकतर राष्ट्रीय सुरक्षेवर मत देतो किंवा पोटापाण्यावर, जणू दोन वेगळे तराजू आहेत. आपल्याच राज्यातला एक काळ घ्या. डिसेंबर १९७१ ला बांगलादेशचं युद्ध जिंकलं, सगळा देश आनंदात, आणि मार्च १९७२ ला महाराष्ट्रात विधानसभा झाली त्यात काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. यापेक्षा मोठा विजय काय असणार. पण त्याच वर्षी पाऊस गेला, धान्य, तेल, साखर, रॉकेल सगळं महागलं नाहीतर गायब झालं, आणि मुंबईत त्याच १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि बाकी कार्यकर्त्या, वेगवेगळ्या पक्षांच्या. बायका हातात लाटणं घेऊन, थाळ्या वाजवत मोर्चाला आल्या. ज्यांचा आयुष्यात राजकारणाशी संबंध आला नव्हता अशा गिरणगावातल्या, चाळीतल्या बायका. युद्ध जिंकलं याचा अभिमान त्यांना नव्हता असं कोण म्हणेल? पण अभिमान आणि रिकामा डबा दोन्ही एकाच घरात होते, आणि डबा रोज उघडावा लागतो.

१९७७ ला मृणालताई आणि अहिल्याताई दोघीही मुंबईतून लोकसभेत गेल्या. आणीबाणीचा राग होता हे खरंच, पण पाण्यासाठी, रॉकेलसाठी केलेली वर्षानुवर्षांची कामंही होती. पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में, म्हणजे मृणालताई जिंकल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, ही घोषणा अजून जुन्या गोरेगावकरांना पाठ आहे.

दुसरं उदाहरण १९९८ चं. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या, ११ आणि १३ मे. देशाची ताकद म्हणून याहून मोठं काही दाखवता आलं नसतं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्ली विधानसभेत भाजपला ७० पैकी १५ जागा मिळाल्या, काँग्रेसला ५२, कारण दरम्यान कांदा किलोला ४० च्या वर गेला होता. सुषमा स्वराज यांना निवडणुकीच्या तोंडावर मुख्यमंत्री केलं होतं, म्हणजे चेहरा बाईचा होता, तरीही. आणि पुढच्याच वर्षी कारगिलनंतर केंद्रात पुन्हा वाजपेयींचं सरकार आलं. म्हणजे सहा महिन्यांपूर्वीच्या बॉम्बचं कौतुक आणि कांद्याचा राग हे मतदार व्यवस्थित वेगळे ठेवतो, कुठल्या निवडणुकीत कशाचा हिशोब मागायचा ते त्याला कळतं, आणि बाजारहाट करणाऱ्या बाईला तर फारच चांगलं कळतं.

पण कांद्यावरून आणखी एक सांगायलाच हवं नाहीतर चित्र अर्धं राहील. दिल्ली-मुंबईच्या बाईला कांदा स्वस्त हवा आणि लासलगाव, चांदवड, निफाडच्या बाईला भाव हवा, कारण तिचं वर्षाचं सगळं शेतातल्या कांदाचाळीत साठवलेलं आहे. डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली ती २०२४ च्या मे महिन्यात, निवडणूक चालू असताना उठवली. तोवर व्हायचं ते झालं होतं. दिंडोरीतून त्या वेळच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, त्या स्वतः बाई होत्या, आणि त्यांना हरवणारे एक शाळामास्तर. महिला मतदार म्हणून एक गठ्ठा धरणाऱ्यांनी हे बघावं. एकाच भावाने एका बाईचं घर चालतं आणि दुसरीचं कोलमडतं, दोघी बायकाच.

अमेरिकेतही हा घोळ झाला होता. २००४ च्या निवडणुकीत तिथल्या वर्तमानपत्रांनी सिक्युरिटी मॉम नावाची एक बाई शोधून काढली, म्हणजे ९/११ नंतर पोरांच्या काळजीने घाबरलेली आई जी आता दहशतवाद सोडून कशावरच मत देणार नाही. महिनाभर चर्चा. बुश जिंकले, त्यांना बायकांची मतं आधीपेक्षा जास्त मिळाली हेही खरं, पण मतमोजणीनंतर दिसलं ते असं की तरीसुद्धा जास्त बायकांनी विरोधातल्या केरींनाच मत दिलं होतं, ५१ टक्के. भीती होती पण भीतीबरोबर डॉक्टरचं बिल पण होतं, म्हाताऱ्या आईबापाचं पेन्शन पण होतं.

तर मग देशाच्या सुरक्षेचा बायकांच्या मतावर परिणाम होत नाही का? होतो, आणि तो खोल असतो. पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ ला सीआरपीएफचे ४० जवान गेले त्यात बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते. त्याच वर्षी १ मे ला, महाराष्ट्र दिनाला, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा ड्रायव्हर गेला. एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जण मारले गेले त्यात महाराष्ट्राचे ६, डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे, पनवेलचे एक, बायकांसमोर, मुलांसमोर. त्यानंतरच्या कारवाईला नाव दिलं ऑपरेशन सिंदूर आणि माहिती द्यायला समोर कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग होत्या. त्या नावात कुंकू पुसलं गेलेल्या बाईचं दुःख होतं, म्हणून ते घराघरात पोचलं. मला स्वतःला त्या सकाळी रडू आलं होतं. पण तेच नाव पुढे प्रचाराच्या पोस्टरवर आलं तेव्हा वाईट वाटलं, ते दुःख कुणा पक्षाचं नाही, कुठल्याच.

आणि फौजीच्या घरात तर या दोन सुरक्षा वेगळ्या असूच शकत नाहीत. साताऱ्यातलं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथे पिढ्यानपिढ्या घरटी फौजी आहे. तिथल्या बाईसाठी सीमेवरची बातमी म्हणजे नवऱ्याची बातमी, आणि त्याचा पगार, पेन्शन, कॅन्टीन, दवाखाना म्हणजे घर. सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांची घरं तर जुन्या पेन्शनसाठी किती वर्षं मागणी करतायत. तिला कुणी विचारलं की बाई तू देशावर मत देणार की पैशावर, तर ती काय सांगणार, तिचं एकच उत्तर आहे.

आता पैशाकडे येते, कारण गेल्या चारपाच वर्षांत राजकारणाचा सगळा जोर तिकडेच गेलाय आणि यात कुठलाच पक्ष मागे नाही. बंगालमध्ये २०२१ ला तृणमूलने लक्ष्मीर भांडार आणलं, कर्नाटकात काँग्रेसने २००० ची गृहलक्ष्मी, तमिळनाडूत द्रमुकने १०००, मध्य प्रदेशात भाजपने २०२३ ला लाडली बहना, झारखंडमध्ये हेमंत सोरेन यांनी मंईयां सन्मान, आपल्याकडे महायुतीने लाडकी बहीण १५०० ची, तर महाविकास आघाडीने ३००० देऊ म्हणून जाहीर केलं. बिहारमध्ये मतदानाच्या महिना-दीड महिना आधी खात्यात १०,००० रुपये टाकायला सुरुवात झाली. पक्ष वेगळे पण वाट एकच. गॅसचंही तसंच, २९ ऑगस्ट २०२३ ला सिलेंडर २०० ने उतरला तो रक्षाबंधनाची भेट म्हणून आणि ८ मार्च २०२४ ला १०० ने उतरला तो महिला दिनाची भेट म्हणून.

हे बघून बरेच लोक, विशेषतः पगारदार पुरुष, म्हणतात की बायकांनी मतं विकली. मला हे अजिबात पटत नाही आणि का ते सांगते. लोकसभेला महाराष्ट्रात महायुतीला ४८ पैकी १७ जागा आणि सहा महिन्यांत विधानसभेला २८८ पैकी २३० च्या वर, या फरकाला योजना हे एक कारण नक्की आहे, एकमेव नाही. पण १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. ज्या बाईच्या हातात स्वतःचा म्हणून कधी एक रुपया आला नाही तिला हे ५० रुपये काय आहेत ते समजून घ्या. माझी मावशी गुडघ्याच्या गोळ्या विकत घ्यायच्या आधी मुलाला विचारायची आणि मुलगा चांगला आहे हो, नाही म्हणायचा नाही, पण विचारावं लागायचं. आता विचारत नाही. एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं तेव्हा बायका माहेरी जास्त जायला लागल्या, बाजारच्या गावी स्वतः जायला लागल्या, मी आमच्या स्टँडवर बघितलंय. नोकरदार माणसाला दिवाळीचा बोनस मिळतो, उद्योगाला वीजबिलात सवलत मिळते, त्याला कुणी मत विकलं म्हणत नाही. मग हिलाच का?

पण आता दुसरी बाजू, आणि माझं खरं म्हणणं इथेच आहे. सुरक्षा कशाला म्हणायचं? जे उद्या पण असेल याची खात्री आहे त्याला. आणि ओवाळणी कशाला म्हणतात? जी भावाच्या मनात आली तर मिळते. ओवाळणीसाठी कुणी भावावर दावा लावत नाही. आता योजनेचं नाव बघा, लाडकी बहीण, मध्य प्रदेशातही लाडली बहना. नात्याचा शब्द गोड आहे, पण नात्यात हक्क मागता येत नाही, मागितला की बहीण वाईट होते, आपल्याकडे वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागणाऱ्या बहिणीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि झालं काय बघा. निवडणुकीत १५०० चे २१०० करू म्हटलं, मार्च २०२५ च्या बजेटमध्ये ते झालं नाही. आधी वर्षाला साधारण ४६ हजार कोटी लागतील असा अंदाज होता, बजेटमध्ये तरतूद झाली ३६ हजार कोटींची. मग छाननी सुरू झाली, लाखो नावं बाजूला काढली, त्यात हजारो पुरुषांनी पैसे घेतल्याचंही सापडलं, ते चुकीचंच. पण ज्या पडताळणीत मतदानानंतर एवढी नावं गळतात ती मतदानाआधी का झाली नाही हा प्रश्न विचारायला हवा. ज्यांना शेतकऱ्यांसाठीच्या नमो शेतकरी योजनेचे पैसे मिळतात त्यांना इथले ५०० च. पैसे कमी पडायला लागले तेव्हा सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्याचा निधी इकडे वळवला, सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनी स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली. आता हा निधी कुणाचा, तर वसतिगृहांचा, शिष्यवृत्तीचा. म्हणजे आईच्या खात्यात आले ते मुलीच्या हॉस्टेलमधून गेले असं झालं तर त्या घराची सुरक्षा वाढली की कमी झाली?

आणि हे सगळे फॉर्म भरले कुणी? अंगणवाडी सेविकांनी. फॉर्ममागे ५० रुपये ठरले होते. याच सेविका काही महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०२३ पासून, मानधन वाढवा, पेन्शन द्या म्हणून राज्यभर संपावर बसल्या होत्या. पोरांचा आहार, लसीकरणाच्या याद्या, गरोदर बायकांची नोंद, निवडणुकीची कामं सगळं त्या करतात आणि त्यांना पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. आर्थिक सुरक्षा द्यायची तर सुरुवात इथून करता आली असती.

दुसरा रस्ता होता आणि तो महाराष्ट्रानेच देशाला दाखवला, म्हणून जास्त खंत वाटते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, बंडिंगच्या म्हणजे बांध घालायच्या कामावर बायका मोठ्या संख्येने होत्या, १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातून विधान परिषदेचे त्या वेळचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना वाढली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. त्यात मागेल त्याला काम, नाही दिलं तर भत्ता, बाई-पुरुषाला सारखी मजुरी, कामावर पाळणाघर हे सगळं कायद्याच्या चौकटीत बसवलं. आणि पैसा कुठून? शहरातल्या पगारदाराच्या स्लिपवर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो १९७५ ला यासाठीच सुरू झाला. अंमलबजावणीत खूप भानगडी झाल्या, खोटे मस्टर निघाले, वेळेवर मजुरी नाही, पाळणाघर तर कागदावरच, सगळं खरं. तरी फरक बघा, तिथे बाई तहसीलदाराच्या दारात मोर्चा नेऊन म्हणू शकत होती की कायदा आहे, काम द्या. इथे हप्ता आला नाही तर ती फक्त विचारू शकते की दादा, कधी येईल.

तिसऱ्या सुरक्षेबद्दल, म्हणजे रस्ता, शाळा, रात्रीची एसटी, पोलीस ठाण्यात तक्रार घ्यायला लावलेला वेळ, याबद्दल जाहीरनाम्यात दोनतीन ओळी असतात. ते पैशासारखं एका दिवसात खात्यात टाकता येत नाही, त्याला स्टाफ लागतो, वर्षं लागतात, आणि असे विषय लावून धरणाऱ्या बायका सभागृहात लागतात. २०२४ ला २८८ आमदारांत २१ बायका निवडून आल्या, २०१९ ला २४ होत्या. म्हणजे मतदानाला बायका वाढल्या आणि आमदारकीला कमी झाल्या. एक तृतीयांश आरक्षणाचा कायदा सप्टेंबर २०२३ ला संसदेत झाला पण तेव्हाच त्याला जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट जोडली. तिकीट द्यायला मात्र कुठल्याही कायद्याची वाट बघावी लागत नाही, पक्षाने ठरवलं तर उद्या देता येतं.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीणसाठी ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, सुरू झाली तेव्हा बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागत होते. ज्यांचा नवरा वारला, वडीलही नाहीत, किंवा नवऱ्याने टाकलंय, त्यांनी ओटीपी कुठून आणायचा? ज्या बाईला या पैशांची सगळ्यात जास्त गरज तीच अडकली. ओरड झाली, मग अशा बायकांसाठी वेगळी सोय करावी लागली आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. हा नियम बनवताना टेबलाभोवती एक तरी विधवा बाई बसलेली असती तर तिने पहिल्याच मिनिटाला हे सांगितलं असतं.

मावशीचे यजमान आहेत, तिचं काम झालं. पण शेजारच्या दोघींसाठी ती तीनदा गेली सेतू केंद्रात, रिक्षाचे पैसे स्वतःचे घालून, त्याच १५०० मधले. मी तिला विचारलं की विधानसभेला मत कुणाला दिलं होतंस, तर म्हणाली, ते काकांना पण नाही सांगितलं, तुला कशाला सांगू.